सोडलेले पाणी आणि पोचलेले पाणी: जायकवाडी, २०२३

३० ऑक्टोबर २०२३ रोजी गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाने आदेश काढला. नाशिक आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतल्या धरणांतून मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणासाठी ८.६०३ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडायचे. मुळा समूहातून २.१०, प्रवरा समूहातून ३.३६, गंगापूर समूहातून ०.५ आणि गोदावरी-दारणा समूहातून २.६४३. दुसऱ्याच दिवशी राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. पाणी मात्र सुटले ते नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. मधल्या काळात वरचे, म्हणजे नाशिक-नगरचे, लोक सोडू नका म्हणून आंदोलन करत होते, खालचे, म्हणजे मराठवाड्यातले, लोक सोडत का नाही म्हणून. प्रकरण सर्वोच्च न्यायालयातही गेले. तिथे स्थगिती मिळाली नाही.

बातम्यांत हा सगळा वाद ६५ या आकड्याभोवती फिरतो. जायकवाडीत पाणी ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरून सोडायचे, एवढे आता सगळ्यांना पाठ झाले आहे. नियोजनाच्या टेबलावरून पाहिले तर ६५ हा या हिशोबातला सर्वांत निरुपद्रवी आकडा आहे, कारण तो सगळ्यांना आधीपासून माहीत असतो. पाणी खरे हलते ते दुसऱ्या दोन ठिकाणी: खरिपात वापरलेल्या पाण्याच्या नोंदीत आणि वहनव्ययात, म्हणजे वाटेत जिरणाऱ्या पाण्यात. ते दोन आकडे आदेशाच्या पहिल्या पानावर नसतात आणि मोर्चाच्या फलकावर तर कधीच नसतात.

आधी पाया. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम २००५ चा. त्यातले कलम १२(६)(ग) सांगते की खोऱ्यातल्या तुटीचा भार सगळ्यांनी सारखा उचलायचा. त्यासाठी ऑक्टोबरअखेर खोऱ्यातल्या सर्व जलाशयांमधल्या पाण्याची टक्केवारी, खरीप वापर धरून, अंदाजे सारखी राहील असे नियंत्रण करायचे. 'अंदाजे' हा शब्द कायद्यातलाच आहे. तो प्रत्यक्षात कसा उतरवायचा हे ठरवायला हिरालाल मेंढेगिरी यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तिचा अहवाल २०१३ मध्ये आला. ऊर्ध्व (जायकवाडीच्या वरच्या) गोदावरीतल्या धरणांचे समूह पाडून, जायकवाडीत किती पाणी आहे त्यानुसार वरच्या प्रत्येक समूहाने किती ठेवायचे, याचा सहा परिस्थितींचा तक्ता समितीने दिला. १९ सप्टेंबर २०१४ च्या आदेशाने प्राधिकरणाने त्याचा आधार घेतला, आणि २३ सप्टेंबर २०१६ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाची ही चौकट उचलून धरली. तेव्हापासून १५ ऑक्टोबरचा साठा पाहायचा आणि तक्ता उघडायचा, असा रिवाज पडला. त्या आधी पाणी सोडायचे की नाही हे मंत्रालयात, कोणाचे वजन किती यावर ठरत असे. तक्त्यात कितीही दोष असोत, ही एक गोष्ट त्याने बदलली.

आता धरण. पैठणच्या जायकवाडीची, म्हणजे नाथसागराची, एकूण क्षमता २,९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर). त्यातला जिवंत, म्हणजे वापरता येणारा, साठा २,१७१ दलघमी आणि मृतसाठा ७३८. टीएमसीत सांगायचे तर जिवंत साठा ७६.६५. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये पायाभरणी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले. छत्रपती संभाजीनगर आणि जालन्याचे पिण्याचे पाणी, वाळूजसारख्या औद्योगिक वसाहती आणि दोन लांबलचक कालवे यावर आहेत. वरच्या बाजूची दारणा, भंडारदरा ही धरणे ब्रिटिश काळातली. भंडारदरा १९२६ चे. तिथल्या उसाच्या ब्लॉकधारकाचे (मंजूर पाणी असलेल्या शेतकऱ्याचे) म्हणणे असते की आमचा हक्क जायकवाडीच्या आधीचा. खालच्याचे म्हणणे असते की जायकवाडी झाल्यानंतर वर धरणांची भर पडत गेली, तिचे काय? दोन्ही खरे आहे. मूळ नियोजनात पैठणपर्यंत जेवढा येवा (नदीतून येणारे पाणी) गृहीत धरला होता, तेवढा नंतरच्या अभ्यासांत निघाला नाही, हेही खरे आहे. नदीत कमी, कागदावर जास्त आणि वाटेकरी वाढलेले, अशा अवस्थेत २०२३ उजाडले. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनच्या नोंदींमधला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीत निम्म्याहूनही कमी जिवंत साठा होता.

तक्ता चालतो कसा, ते गोल आकड्यांवर करून पाहू. हे २०२३ चे अधिकृत आकडे नव्हेत, रीत दाखवण्यापुरते आहेत. समजा १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा जिवंत साठा १,०२० दलघमी आहे, म्हणजे ४७ टक्के. त्यात खरिपात वापरलेले पाणी मिळवायचे. का? तर ज्याने ऑगस्ट-सप्टेंबरात कालवे भरून चालवले, त्याचे धरण ऑक्टोबरात रिकामे दिसते. फक्त साठाच पाहिला तर वापरणारा गरीब ठरेल आणि राखणारा श्रीमंत. म्हणून वापर परत मिळवून सगळ्यांना एका रेषेवर आणायचे. तर समजा जायकवाडीचा खरीप वापर २०० दलघमी. बेरीज १,२२०, म्हणजे ५६ टक्क्यांच्या आसपास. ६५ टक्के म्हणजे १,४११ दलघमी. तूट १९१ दलघमी, २८.३२ ने (एका टीएमसीचे दलघमी) भागले की पावणेसात टीएमसी.

आता खरीप वापराची नोंद २०० ऐवजी २५० झाली असे धरा. तूट १४१ वर येते, पाच टीएमसीला जराशी कमी. नोंदवहीतल्या पन्नास दलघमीने पावणेदोन टीएमसी हलले. २०२३ च्या आदेशात गंगापूर समूहाचा सगळा वाटा अर्धा टीएमसी होता, हे शेजारी ठेवून पाहावे.

आणि ही नोंद काही दगडावरची रेघ नाही. कालव्याच्या मुखाशी गेज (पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी) वाचून, तक्त्यातून विसर्ग काढून, दिवसांनी गुणून ती तयार होते. गेजवाचक कधी सकाळी एकदाच वाचतो, मध्ये विमोचकाची (कालव्यात पाणी सोडायच्या दाराची) उघडझाप झाली तर ती सरासरीत विरते. त्यापेक्षा अवघड प्रश्न ओव्हरफ्लोचा. धरण भरून सांडव्यावरून पाणी जात असताना तेच पाणी कालव्यात घेतले, त्यातून गावतळी, शेततळी, बंधारे भरून घेतले. तर तो खरीप वापर म्हणायचा का? वरचे म्हणतात, ते पाणी नाहीतरी वाहूनच गेले असते. खालचे म्हणतात, वाहून कुठे गेले असते? आमच्याच धरणात. माझे मत खालच्यांच्या बाजूचे आहे, पण एका अटीवर: जायकवाडी स्वतः भरून सांडत असेल त्या दिवसांतला असा वापर मोजू नये. तारखेनिहाय नोंद ठेवली तर हे करता येते. हंगामाचा एकच गोळाबेरीज आकडा आला तर करता येत नाही.

साठ्याच्या आकड्याचीही तीच कथा. धरणावर मोजतात ती पातळी. दलघमी निघतात ते पातळी-क्षमता तक्त्यातून. अर्ध्या शतकात तळाशी गाळ बसत आला आहे. तक्ता जुना असेल तर त्याच पातळीला कागदावर पाणी जास्त दिसते. म्हणजे गाळाने जायकवाडीचे नुकसान दोनदा होते, एकदा पाण्यात आणि एकदा टक्केवारीत. या मुद्द्यावर मराठवाड्यातून व्हायला हवा तेवढा आवाज होत नाही, याचे मला नवल वाटते.

पण २०२३ च्या प्रकरणाची गाठ आहे ती वहनव्ययात.

पावणेसात टीएमसीची तूट आहे, म्हणजे वरून किती सोडायचे? वाटेत वीस टक्के जिरले तर ८.४ सोडावे लागतील, तीस टक्के जिरले तर ९.६, चाळीस टक्के जिरले तर सव्वाअकरा. वीस आणि चाळीस यांच्यामध्ये जवळपास तीन टीएमसी आहेत, आणि ते कोणाच्या खात्यावर टाकायचे हे टक्केवारीचा तक्ता सांगत नाही. पाणी धरणाच्या दाराशी मोजले तर वाटेतला तोटा खालच्याचा. नाथसागरात पोचल्यावर मोजले तर तोटा वरच्याचा. 'एवढे टीएमसी सोडावे' आणि 'एवढे टीएमसी पोचवावे' या दोन आदेशांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ८.६०३ हा आकडा धरणांतून सोडायच्या पाण्याचा होता. दशांशचिन्हापुढे तीन घरे असली की अचूकतेचा भास होतो. वाहत्या नदीत विसर्ग मोजताना पाच-दहा टक्क्यांचा फरक सहज पडतो. दहा टक्के धरले तर ते ०.८६ टीएमसी झाले, पुन्हा गंगापूरच्या सगळ्या वाट्यापेक्षा जास्त.

वहनव्यय हा निसर्गाने ठरवून दिलेला आकडा असल्यासारखा वापरतात, पण तो बराचसा आपल्याच निर्णयांनी बनतो. तीन गोष्टींनी तर नक्कीच. पहिली, तारीख. सप्टेंबर-ऑक्टोबरात नदीचे पात्र ओले असते, काठच्या विहिरींची पातळी वर असते. तेव्हा सोडलेले पाणी कमी जिरते. जितका उशीर तितकी वाळू तहानलेली. साठा पाहायचा १५ ऑक्टोबरला, आदेश निघाला ३० ला, पाणी सुटले नोव्हेंबरच्या शेवटी. या सहा आठवड्यांची किंमत पाण्यात मोजायला हवी होती. कोर्टात जाण्याचा हक्क सगळ्यांना आहे. पण उशिराने वाढलेला व्यय कोणी सोसायचा, हे आदेशातच लिहून ठेवले तर उशीर करण्यात कोणाचाच फायदा उरणार नाही.

दुसरी गोष्ट, विसर्ग. ५,००० क्युसेकने (सेकंदाला घनफूट) दिवसभर सोडले की ०.४३ टीएमसी होतात. हेच पाणी बारीक धारेने महिनाभर सोडले तर रोज पात्र भिजवण्यातच हिस्सा जातो. थोड्या दिवसांत मोठ्या विसर्गाने सोडणे केव्हाही चांगले. फक्त मोठा विसर्ग म्हणजे काठच्या लोकांना आधी इशारा, नदीतल्या मोटारी काढून घेणे, कमी उंचीच्या पुलांवर माणूस ठेवणे, आणि ही कामे महसूल आणि पोलिसांची, पाटबंधारे खात्याची नव्हेत. म्हणून पाण्याच्या नियोजनात जिल्हाधिकारी पहिल्या बैठकीपासून लागतो, शेवटच्या नव्हे.

तिसरी गोष्ट कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. प्रवरेवर आणि गोदावरीवर ते ओळीने आहेत. पावसाळा ओसरला की ऑक्टोबरात त्यांच्या गाळ्यांत फळ्या टाकतात, मागे पाणी साठते, त्यावर रब्बीचे कांदे, गहू, हरभरा उभे राहतात. जायकवाडीचा आदेश नेमका त्याच पंधरवड्यात येतो. फळ्या तशाच ठेवून पाणी सोडले तर प्रत्येक बंधारा आधी स्वतः भरून घेईल आणि मगच पुढे जाऊ देईल. म्हणून फळ्या काढायच्या. काढायला गेलेल्या शाखा अभियंत्याला काठावर ऐकू येणारे वाक्य ठरलेले असते: "साहेब, आत्ताच तर टाकल्या. हे तर पावसाचं आमचं पाणी, धरणाचं कुठंय?" त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. फळीमागचे पहिले पाणी खरोखरच त्याच्या ओढ्या-नाल्यांचे असते, आणि फळ्या निघाल्या की तेही जायकवाडीकडे जाते. तक्त्यात त्या पाण्याला रकाना नाही. पाणी जाऊन गेल्यावर फळ्या परत टाकू, असे त्याला सांगतात. पण तोवर नदीचा मूळ प्रवाह आटलेला असतो. या काठच्या गावांसाठी एक पाणीपाळी आधीच हिशोबात धरून ठेवली तर अर्धा विरोध मावळेल असे मला वाटते. आदेशाची भाषा मात्र धरण ते धरण एवढीच असते.

काठच्या कृषिपंपांची वीज बंद करणे हा या सगळ्याचा शेवटचा भाग. त्याने मोटारी थांबतात, डिझेल इंजिने आणि पात्रात उतरवलेले डोंगळे (पाणी ओढणाऱ्या नळ्या) थांबत नाहीत. शिवाय त्याच लाइनवर गावाची पाणीयोजनाही असते.

समूहांमधली वाटणीही सरळ नाही. निव्वळ पाण्याच्या दृष्टीने पाहिले तर शेजारच्याकडून घेणे सोयीचे. मुळा धरणातले पाणी मुळेतून प्रवरेत आणि प्रवरासंगमाजवळ थेट नाथसागराच्या फुगवट्याला (धरणामागे नदीत पसरलेल्या पाण्याला) मिळते. दारणा-गंगापूरचे पाणी नांदूर मधमेश्वरवरून कोपरगाव, वैजापूर असा लांबचा फेरा घेते. गोदावरीच्या त्या लांब पट्ट्यात जेवढे जिरेल तेवढे मुळेत जिरणार नाही. मग सगळे मुळेतूनच का घेऊ नये? कारण मग राहुरी-नेवाशाचा शेतकरी केवळ जवळ राहतो म्हणून दरवेळी दंड भरेल. कायद्यात भार सारखा म्हटले आहे, सोयीने म्हटलेले नाही. तरीही मधला मार्ग आहे: यंदा मुळेने जास्त द्यावे आणि दारणा समूहाने ते पुढच्या रब्बीत दुसऱ्या रूपाने भरून द्यावे. त्यासाठी दोन लाभक्षेत्रांत उधार-उसनवारीची वही लागते. आपल्याकडे दोन शेजाऱ्यांच्या विहिरींत ती तोंडी चालते. दोन पाटबंधारे मंडळांत अजून लेखीही चालत नाही. आणि नाशिक शहर गंगापूर धरणाचे पाणी पिते, म्हणून तिथे हात आखडता घेतला जाणे समजण्यासारखे आहे.

वरच्यांचा एक युक्तिवाद मला नेहमी दखल घेण्याजोगा वाटत आला आहे. नाथसागर उथळ आणि पसरट आहे, पूर्ण भरला की सुमारे ३५० चौरस किलोमीटर. एवढ्या पृष्ठभागावरून एक मिलिमीटर पाणी उडाले तरी ०.३५ दलघमी गेले. उन्हाळ्यात हे मिलिमीटर रोज कितीतरी पटीने उडतात. भंडारदरा डोंगरात, खोल आणि अरुंद. मग पाणी वरच ठेवावे, पिण्याला लागेल तेव्हा सोडावे, असे ते म्हणतात. बाष्पीभवनाचे गणित बरोबर आहे. पण एप्रिलमध्ये सोडलेले पाणी कोरड्या पात्रातून पैठणला किती पोचेल, हे दुसरे गणित ते मांडत नाहीत. आणि वर ठेवलेले पाणी मार्चच्या आवर्तनात कालव्याला जाणार नाही याची हमी द्यायची कोणी? कालवा सल्लागार समितीत बसलेल्या कोणाला ती देता येईल असे मला वाटत नाही. तीच फूटपट्टी खालीही लावायला हवी: वरून आलेले पाणी पिण्यासाठी म्हणून मागायचे आणि जायकवाडीच्या कालव्यांवर ऊस वाढू द्यायचा, हे वरच्याला दिसत नाही असे नाही.

कोकणातले पश्चिमवाहिनी पाणी वळवून गोदावरीत आणले की हा तंटाच मिटेल, असे दोन्ही बाजूंचे पुढारी सांगतात. ते येईल तेव्हा येईल. १५ ऑक्टोबर दरवर्षी येतो.

या तक्त्याप्रमाणे याआधी २०१५ मध्ये १२.८४ आणि २०१८ मध्ये ८.९९ टीएमसी सोडण्याचे आदेश निघाले होते. पुढे सलग चांगले पावसाळे आले आणि विषय मागे पडला. नियोजकाला काम करता येते ते खरे तर अशाच वर्षांत. धरणे भरलेली असताना गेज दुरुस्त करायला, गाळाचे सर्वेक्षण करायला, नदीवर दोन-तीन ठिकाणी कायमची विसर्गमापन केंद्रे उभी करून ओल्या आणि कोरड्या पात्रातला व्यय मोजून ठेवायला कोणाचा विरोध नसतो. फक्त त्या वर्षी त्याची निकडही कोणाला वाटत नाही. २०२४ मध्ये जायकवाडी पुन्हा भरले.

२०२३ मध्येच तक्त्याच्या फेरआढाव्यासाठी नाशिकच्या 'मेरी'च्या (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या) महासंचालकांच्या नेतृत्वाखाली अभ्यासगट नेमला गेला. त्याने ६५ ऐवजी ५८ टक्के सुचवले. सात टक्के म्हणजे १५२ दलघमी, साधारण ५.४ टीएमसी. मराठवाड्यातून विरोध झाला, वरून स्वागत. पण ५.४ टीएमसीच्या या चर्चेशेजारी वर काढलेला हिशोब ठेवून पाहा: खरीप नोंदीतल्या पन्नास दलघमीचे पावणेदोन टीएमसी, वहनव्यय वीस की चाळीस यातले तीन. दोन्ही मिळून पावणेपाच होतात. या दोन आकड्यांसाठी कोणत्याही समितीच्या अहवालाची वाट पाहावी लागत नाही. कालव्याच्या मुखाशी तासागणिक नोंद करणारा गेज आणि नाथसागराच्या फुगवट्याच्या तोंडाशी, प्रवरेवर एक आणि गोदावरीवर एक, अशी दोन मापन केंद्रे लागतात. ती झाली तर पुढच्या तुटीच्या वर्षी आदेशात 'सोडावे'च्या जागी 'पोचवावे' लिहिता येईल, आणि पोचले की नाही हे दोन्ही बाजूंच्या लोकांना एकाच पडद्यावर रोज पाहता येईल.